रिपोर्ट सांगायचा कसा? : डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या कामाबद्दल

आडवाट

एचआयव्हीच्या रॅपिड किटवर रेघ उमटायला वीसेक मिनिटं पुरतात. त्या रेघेचा अर्थ समोर बसलेल्या बाईला सांगायला किती वेळ लागतो, हे अकरा वर्षं आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात) समुपदेशकाचं काम करूनही मला सांगता येणार नाही. कुणाला दहा मिनिटं पुरली, कुणाला तीन भेटी लागल्या. एक आजोबा तर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बरं, आता पोरीचं लग्न कधी करू ते सांगा."

प्रशिक्षणात आम्हाला एक मॅडम शिकवायला होत्या. त्या सारखं सांगायच्या, "रिपोर्ट हातात देऊ नका, सांगा." आपल्या देशात ही पद्धत आधी कुणी रुजवली म्हणून वाचायला घेतलं आणि डॉ. सुनीती सॉलोमन यांच्यापाशी येऊन थांबले. इथल्या बऱ्याच जणांना हे नाव नवं असेल. म्हणून हा धागा.

माहेरच्या त्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणारं मराठी कुटुंब, आठ भावंडं आणि त्यांत ही एकटीच मुलगी. देवीची लस टोचायला दरवर्षी आरोग्य अधिकारी घरी यायचे, त्यांना बघून डॉक्टर व्हावंसं वाटलं, असं त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं होतं. शिक्षण मद्रास मेडिकल कॉलेजात झालं. लग्न डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी, ते हृदयशल्यविशारद. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असं फिरून, पॅथॉलॉजीचं प्रशिक्षण घेऊन १९७३ साली दोघं मद्रासला परतले. सुनीतीबाई मग सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळल्या आणि आपल्याच कॉलेजात प्राध्यापक झाल्या.

एड्सची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली. रक्तातून निदान करणारी चाचणी १९८५ साली आली. आपल्याकडे तेव्हा सगळ्यांची समजूत एकच होती, हा तिकडच्या लोकांचा आजार आहे, आपल्या संस्कृतीत तो कुठून येणार? सॉलोमन यांनी ही समजूत तपासून बघायचं ठरवलं. डॉ. सेल्लप्पन निर्मला ही त्यांची विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होती. बाईंनी तिला हा विषय सुचवला. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. १९८६ च्या फेब्रुवारीत ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले आणि त्यांत सहा पॉझिटिव्ह निघाले. अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉट चाचणीनं त्यावर शिक्कामोर्तब झालं. बातमी आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) थेट पंतप्रधान राजीव गांधींपर्यंत गेली.

त्या सहा जणींत एक तेरा वर्षांची मुलगी होती. पळवून आणून विकलेली. सॉलोमन यांच्या मुलाखतींत ही मुलगी पुन्हापुन्हा येते. ती येते तिथे मी दर वेळी वाचायची थांबते. कारण इथून पुढे बाईंनी जे केलं ते सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकाकडून कुणी अपेक्षिलं नव्हतं. शोध लागला होता, नाव झालं होतं. प्रयोगशाळेत बसून आयुष्यभर नमुने तपासले असते तरी चाललं असतं. पण बाई माणसांकडे वळल्या. १९८८ पासून कॉलेजातच एड्ससाठी वेगळा गट चालवला, स्वेच्छेनं चाचणी आणि समुपदेशन सुरू केलं. आणि १९९३ साली सरकारी नोकरी सोडून वडिलांच्या नावानं वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन, म्हणजे वायआरजी केअर, उभं केलं. या नावात संशोधन आणि शिक्षण शेजारी शेजारी आहेत. बाईंचं सगळं काम त्या दोन शब्दांत आलंय असं मला वाटतं.

त्यांच्या संस्थेतल्या दोन संशोधनांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या कामाशी त्यांचा थेट संबंध आहे.

पहिलं वाइन शॉपमधलं. पाच देशांत (चीन, भारत, पेरू, रशिया, झिम्बाब्वे) एक मोठी चाचणी झाली. ज्याचं चारचौघांत ऐकलं जातं अशा माणसाला तयार करायचं आणि त्यानं गप्पांच्या ओघात मित्रांशी कंडोमबद्दल, तपासणीबद्दल बोलायचं, अशी कल्पना. चेन्नईत त्यासाठी दारूची दुकानं निवडली. बायाबापड्यांना व्याख्यानं देणाऱ्या सरकारी कार्यक्रमांपेक्षा हे किती वेगळं आहे बघा. ज्याच्यापर्यंत पोचायचं तो पुरुष संध्याकाळी जिथे असतो तिथे जायचं! निकाल २०१० साली आला आणि तो निराश करणारा होता. जिथे असे 'बोलके' लोक तयार केले होते आणि जिथे नव्हते, दोन्हीकडे धोक्याचं वर्तन साधारण सारखंच घटलं. फरक दिसला नाही.

पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तरी काय मिळालं होतं? चाचणी, समुपदेशन, गुप्तरोगांवर उपचार, फुकट कंडोम. म्हणजे एका माणसानं दुसऱ्या माणसाशी समोर बसून नीट बोलणं तिथेही झालंच होतं. माझ्यासारखीला त्या निकालात हे दिसतं. संख्याशास्त्रज्ञ कदाचित मान्य करणार नाहीत, मला चालेल.

दुसरं संशोधन एचपीटीएन ०५२. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. भारतात चेन्नईचं वायआरजी केअर त्यात होतं आणि आपल्या पुण्याची नारीही (भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) होती. अर्ध्या जोडप्यांत पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू केली, अर्ध्यांत त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारपेशींची संख्या) बराच खाली आल्यावर. २०११ साली मधला हिशेब पाहिला तर जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं सिद्ध झालेल्या २८ घटना होत्या, त्यांतल्या २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात. लगेच औषध मिळालेल्यांत फक्त एक. निकाल इतका स्पष्ट होता की ठरलेली मुदत संपायची वाट न बघता तो जाहीर केला. औषध हाच प्रतिबंध, हे तिथे पक्कं झालं.

जोडप्यांवरचं संशोधन म्हणजे दोघांनाही एकमेकांचा रिपोर्ट माहीत असायला हवा. नवऱ्यानं बायकोला सांगितलेलं असायला हवं, किंवा बायकोनं नवऱ्याला. वर्षानुवर्षं दोघांनी मिळून दवाखान्यात यायला हवं. हे आधी कुणीतरी घडवून आणावं लागतं, मग त्याचा आलेख निघतो. मी असं एक जोडपं समोरासमोर बसवण्यासाठी चार महिने खपले आहे, म्हणून ही संख्या मला डोळ्यांसमोर दिसते.

बाई २०१५ च्या जुलैत गेल्या. २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. शेवटच्या काही वर्षांत त्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांची आपसांत लग्नं जुळवायच्या, त्यावर पुढे लिहीन. कुणाला त्यांच्याबद्दल, किंवा एकूणच या कामाबद्दल काही सांगायचं असेल तर जरूर लिहा.

मैलाचा_दगड

फार आवडला धागा. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. १९८६ चा काळ आठवतो म्हणून निर्मलाबाईंबद्दल थोडी भर घालतो.

त्यांच्याकडे तेव्हा काहीही नव्हतं. हातमोजे नाहीत, धड साठवणीची सोय नाही. सीरम वेगळं करायला सॉलोमन बाईंनी जुळवाजुळव करून छोटीशी जागा तयार केली आणि नमुने ठेवले कुठे, तर निर्मलाबाईंच्या घरच्या फ्रिजमध्ये. घरच्या! मद्रासला तपासणीची सोय नव्हती, म्हणून बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन त्या नवऱ्यासोबत रात्रीच्या गाडीनं काटपाडीला उतरल्या आणि तिथून वेल्लोरला गेल्या. नमुने घ्यायला स्त्रियांच्या सुधारगृहात जायचं तेव्हाही नवराच गाडीवर सोडायचा.

एलायझा या रक्तचाचणीच्या पट्टीवर पिवळा रंग चढताना पाहणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. पहिल्यांदा आपण किटवर शंका घेतो, मग स्वतःच्या हातावर, मग पाण्यावर. देशातली पहिली पट्टी जिनं पाहिली तिला त्या खोलीत काय वाटलं असेल, याचा विचार मी नोकरीत कितीदा तरी केला.

सदरा

लेख चांगला आहे पण एक गोष्ट टोचली, ती लिहितो.

त्या स्त्रियांना आपलं रक्त एड्ससाठी तपासलं जातंय हे सांगितलेलं नव्हतं. गुप्तरोगाची तपासणी आहे असं त्या समजत होत्या. निर्मलाबाईंनी स्वतःच हे नंतर सांगितलंय. म्हणजे 'रिपोर्ट सांगण्याच्या' परंपरेची सुरुवात न सांगता घेतलेल्या रक्तापासून झाली. शिवाय त्यांतल्या काही सुधारगृहात होत्या, नको म्हणायची त्यांना मुभा तरी किती असणार? नावं डॉक्टरांची राहिली. त्या सहा जणींचं पुढे काय झालं हे कुणाला ठाऊक आहे?

आडवाट

@सदरा, बरोबर आहे तुमचं. मी ते लिहायला हवं होतं, टाळलं. आज असा अभ्यास कुठल्याही नैतिकता समितीपुढे टिकणार नाही.

मद्रासच्या सुधारगृहात नंतरही पॉझिटिव्ह स्त्रियांना शिक्षेची मुदत नसताना, केवळ पॉझिटिव्ह म्हणून डांबून ठेवलं होतं. पत्रकार श्यामला नटराज यांनी त्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा त्या सुटल्या. रिपोर्ट लागला की माणूस कैदी होतो, असा तो काळ होता.

मला असं वाटतं की सॉलोमन बाईंनी पुढची तीस वर्षं संमती आणि समुपदेशनावर जो जोर दिला, त्याच्या मुळाशी ही सुरुवात आहे. हे माझं वाटणं आहे, त्यांनी असं म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. ती तेरा वर्षांची मुलगी त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत येत राहिली, एवढं मात्र खरं.

कायद्याचं_पान

डांबून ठेवण्याचा विषय निघाला आहे तर डॉमिनिक डिसूझा यांची आठवण इथे व्हायलाच हवी. गोवा, १९८९. हा तरुण नियमित रक्तदान करायचा. एक दिवस पोलिसांनी बोलावून घेतलं आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला ६४ दिवस एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात ठेवलं. आपल्याला नेमकं काय झालंय हे त्याला सरळ कुणी सांगितलंही नव्हतं, रजिस्टरवर आपल्या नावापुढे लिहिलेलं दिसलं तेव्हा कळलं. त्याच्या आईनं, ल्युसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. सुटका झाली, पण न्यायालयानं कायद्यातली अलग ठेवण्याची तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक १९९२ साली गेला. जाण्याआधी 'पॉझिटिव्ह पीपल' संस्थेचा पाया घालून गेला.

धागाकर्तीनं लग्नं जुळवण्याचा उल्लेख ओझरता केला आहे, त्याची दुसरी बाजू सांगतो. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात म्हटलं की एचआयव्ही असलेल्या माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित आहे. खटला खरं तर रुग्णालयानं गोपनीयता मोडल्याचा होता! लग्नाच्या हक्काचा मुद्दा कुणी मांडलाच नव्हता. २००२ च्या डिसेंबरात न्यायालयानं ते मत मागे घेतलं. मधली चार वर्षं पॉझिटिव्ह माणसांच्या डोक्यावर ती टांगती तलवार होती. अशा देशात एक म्हातारी डॉक्टर दवाखान्यात बसून दोन पॉझिटिव्ह माणसांच्या पत्रिका जुळवते, कुणाचा सीडी४ किती, कुणाला मूल हवंय, कुणाची भाषा कुठली हे बघते, याचं मोल मला वकील म्हणून जास्त कळतं.

आता एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट उघड करायचा नाही, नोकरीत-शाळेत-दवाखान्यात भेदभाव नाही. कागदावर उत्तम. पण जिल्ह्याच्या न्यायालयात हा कायदा किती वेळा वापरलेला दिसतो? माझ्या तरी पाहण्यात फार कमी.

चौथा_मजला

मी जाहिरात क्षेत्रात होते, मुंबईत. आरोग्यसंवाद म्हटल्यावर बलबीर पाशा, एड्सच्या जाहिरातमोहिमेतलं ते काल्पनिक पात्र, आठवणार नाही असं होणारच नाही.

२००२ चा शेवट. लोकलच्या डब्यात, बसस्टॉपवर, हातगाडीमागच्या भिंतीवर, जिकडे पाहावं तिकडे एकच प्रश्न. 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' लोक एकमेकांना विचारत होते, पानाच्या टपरीवर पैजा लागत होत्या. त्याआधी एड्सच्या पोस्टरवर कवटी असायची, काळी पार्श्वभूमी, 'एड्स म्हणजे मृत्यू'. पोस्टर बघून माणूस घाबरायचा आणि घाबरलेला माणूस तपासायला येत नाही, घरी बसतो. बलबीरनं प्रथमच हा विषय भर गर्दीत बोलण्याजोगा केला. तमिळनाडूत पुल्ली राजाच्या नावानं असंच काम झालं.

आम्ही तेव्हा त्यावर फार खूश होतो. नंतर कळलं की आमच्या नजरेतून काहीतरी सुटलं होतं. बलबीर ज्या बाईकडे जातो ती मंजुळा, आणि आजार मंजुळाकडूनच येतो, हे चित्र त्या मोहिमेनं पक्कं केलं. महिला संघटनांनी आक्षेप घेतले. मंजुळाला तो कुणी दिला, हा प्रश्न कुठल्याच फलकावर नव्हता. आज वाटतं, त्या बैठकांत डॉ. सॉलोमनसारखं कुणी बसलं असतं, ज्यांनी शेकडो मंजुळा आणि त्याहून जास्त बलबीरच्या बायका पाहिल्या आहेत, तर गोष्ट वेगळी लिहिली गेली असती.

निळी_शाई

बलबीरच्या बायकोचा विषय काढलात ते फार बरं झालं, कारण त्याचा पुरावा पुण्याचा आहे.

डॉ. रमण गंगाखेडकर आणि नारीमधले त्यांचे सहकारी यांचा अभ्यास १९९७ साली जामा या नियतकालिकात आला. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष नाही. त्यांच्यात १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. त्या बाईचा दोष एकच, तिचं लग्न झालं होतं. ज्या गटाला सगळ्या जाहिराती, सगळे कार्यक्रम 'सुरक्षित' समजत होते तो गट सुरक्षित नव्हता. चेन्नईत सॉलोमन हेच सांगत होत्या, त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांत बहुसंख्य गृहिणी आहेत म्हणून. दोन शहरं, उत्तर एकच.

'एकनिष्ठ राहा' हा संदेश त्या बाईला काय उपयोगाचा? ती एकनिष्ठच होती. संदेश कुणासाठी लिहायचा हे संशोधनानं ठरवावं लागतं, आपल्या नीतिकल्पनांनी ठरवला की असा चुकतो.

अवांतर: हेच गंगाखेडकर २०२० साली, कोविडच्या पहिल्या महिन्यांत, आयसीएमआरच्या वतीनं रोज पत्रकारांसमोर यायचे. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. घाबरलेल्या लोकांशी न ओरडता कसं बोलायचं हे त्यांना नव्यानं शिकावं लागलं नसणार. भोसरीत वर्षानुवर्षं तेच केलं होतं.

घाटमाथा

मी सांगलीकडची. दोन दिवस धागा वाचतेय, आज लिहिते.

डॉक्टरांबद्दल आदर आहेच. पण सांगली-मिरजेत जे झालं ते आधी वस्तीतल्या बायकांनी केलं. १९९२ मध्ये मीना सेषू यांच्या पुढाकारानं संग्राम ही संस्था सुरू झाली, १९९६ मध्ये वेश्या एड्स मुकाबला परिषद, आपण व्हॅम्प म्हणतो ती. कंडोम वाटायचे कुणी, तर धंद्यातल्याच बाईनं. गिऱ्हाईक नको म्हणालं तर काय बोलायचं, हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकवावं लागलं नाही, उलट तिनंच आम्हाला शिकवलं. "एकटीनं नाही म्हटलं तर तो पुढच्या घरी जातो, सगळ्यांनी नाही म्हटलं तर जाईल कुठं?" हे वाक्य मी एका मावशींच्या तोंडून ऐकलंय. आमच्या भागातला आरोग्यसंवाद तो हा.

२००५ साली अमेरिकेच्या निधीसोबत अट आली, वेश्याव्यवसायाचा निषेध करतो असं लिहून द्या. संग्रामनं पैसे नाकारले. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांचाच निषेध करून त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाणार? कोलकात्यात सोनागाचीच्या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून हेच धरून ठेवलं होतं. ते साथरोगतज्ज्ञ, आले होते सर्वेक्षण करायला आणि राहिले. २०२१ मध्ये कोविडनं गेले.

त्यामुळे एकट्या डॉक्टरांची गोष्ट लिहिली की मला जरा अपुरं वाटतं. मावशींना पद्मश्री मिळत नाही.

आडवाट

@घाटमाथा, तुमच्या मावशींचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. आमच्या केंद्रातही पीअर ताई, म्हणजे वस्तीतल्याच कार्यकर्त्या, आल्या नसत्या तर मी नुसती रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले असते. रुग्ण माझ्यापर्यंत त्यांच्याच हाताला धरून यायचा.

पण डॉक्टरची गोष्ट सांगावीशी वाटण्याचं एक कारण आहे. रुग्णांना सगळ्यात जास्त दुखावलेलं मी पाहिलंय ते डॉक्टरांनीच. आमच्याकडे पाठवलेली एक बाळंतीण होती. एका दवाखान्यात तिच्या केसपेपरवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं आणि तो कागद पलंगाला अडकवला होता. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना कळलं, तिला सर्वांत शेवटी. तिची सासू बाळाला उचलून घेऊन गेली. ती बाई माझ्यासमोर बसून एकच विचारत होती, "मॅडम, मला आधी का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून जी डॉक्टर प्राध्यापकी सोडून रुग्णाशेजारी खुर्ची ओढून बसली, तिच्याबद्दल नव्या डॉक्टरांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मैलाचा_दगड

वरचं वाचून सुन्न झालो. आमच्याकडे अशा पिशव्यांवर सांकेतिक क्रमांक असायचा, नाव कधीच नसायचं. त्यामागे काय वाचवलं जात होतं ते आज कळलं.

नवी_सभासद

नमस्कार. आयडी आजच काढला. लिहू की नको करत होते.

माझे मिस्टर पॉझिटिव्ह आहेत, लग्नाआधीपासून. त्यांनी मला सांगूनच लग्न केलं. मी निगेटिव्ह आहे, दर सहा महिन्यांनी तपासते. त्यांच्या गोळ्या सहा वर्षं चालू आहेत, एकही चुकवत नाहीत. आम्हाला बाळ हवंय. घरी विचारता येत नाही, कारण घरी माहीत नाही. आमच्या डॉक्टरांना एकदा विचारलं तर ते म्हणाले, "कशाला विषाची परीक्षा?" पुढे बोलायचं धाडस झालं नाही. वर त्या नऊ देशांच्या अभ्यासाबद्दल वाचलं म्हणून विचारते, आम्हाला ते लागू आहे का?

आडवाट

@नवी_सभासद, लिहिलंत ते फार बरं केलंत. हो, तुम्हाला लागू आहे. त्याच्याही पुढचं आता माहीत आहे.

मिस्टर गोळ्या नियमित घेत असतील आणि त्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सहा महिन्यांहून जास्त काळ २०० च्या खाली टिकून असेल, तर शरीरसंबंधातून तुम्हाला लागण होत नाही. युरोपात पार्टनर नावाचा अभ्यास झाला, निकाल २०१६ साली आला. तुमच्यासारखी ८८८ जोडपी, कंडोमशिवाय झालेले सुमारे ५८,००० संबंध, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला झालेल्या लागणीची एकही घटना नाही. त्यामुळे 'विषाची परीक्षा' हे उत्तर जुनं झालं. आणि बाळाला एचआयव्ही वडिलांकडून थेट येत नाही, आई पॉझिटिव्ह असेल तरच तो प्रश्न येतो. तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळ सुरक्षित.

पण हे सगळं व्हायरल लोडवर अवलंबून आहे. सीडी४ चांगला आहे एवढ्यावर जाऊ नका, तो वेगळा आकडा. शेवटचा व्हायरल लोड कधी झाला? कागद आहे का जवळ?

नवी_सभासद

कपाटात फाइल आहे. बघते.

निळी_शाई

ताई, एआरटी केंद्रातले समुपदेशक यावर दोघांशी एकत्र बोलतात, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) १०९७ ही हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, नाव सांगायची गरज नाही.

नवी_सभासद

सापडला. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं लिहिलंय. पण तारीख सव्वा वर्षापूर्वीची आहे.

आडवाट

'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे चाचणीत विषाणू सापडला नाही, उत्तम. पण वर्षातून एकदा व्हायला हवा, म्हणजे त्यांचा राहिलाय. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा आधी रक्त द्या, रिपोर्ट येईपर्यंत कंडोम चालू ठेवा. स्वतःचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. आणि गोळ्या घ्यायला मिस्टर एकटे जात असतील तर या खेपेला तुम्ही सोबत जा. बाळाबद्दल समुपदेशकांशी दोघं मिळून बोला.

नवी_सभासद

मंगळवारी त्यांचा दिवस आहे. त्यांना हा धागा आत्ताच वाचायला दिलाय. ते ती जोडप्यांची संख्या परत परत वाचतायत.

आडवाट

वाचू दे त्यांना निवांत. मंगळवारनंतर इथे लिहा.